हाताच्या टप्प्यात

उद्यमनगरात अण्णांच्या शेडमध्ये नवा पोरगा आला
की पहिल्या दिवशी त्याला लेथ मिळत नसे.
उभं राहायचं, डावा हात लांब करायचा,
आणि डोळे मिटून लाल बटण शोधायचं.
सापडेपर्यंत चहा नाही.
"चालू कुणीबी करतंय," अण्णा म्हणायचे,
"बंद करायचं बटण चालवणाऱ्याच्या
हाताच्या टप्प्यात पायजे."

आता अण्णांचा टप्पा
कॉटच्या कठड्यापासून थुंकायच्या भांड्यापर्यंत.
अन्ननलिकेत गाठ, पोटात नळी,
दंडावर वेदनेची पट्टी, तीन दिवसांनी बदलायची,
दुसऱ्याच रात्री संपणारी.
मुगाचं पाणी गाळून मी सिरिंजनं सोडते.
एकदा गुळाचा चहा सोडला.
चव लागली नसणारच.
पण वास आला असेल, डोळे मिटले त्यांनी.

बोलणं गेलं. जुन्या जॉब कार्डांच्या पाठीवर लिहितात,
अक्षर अजून ड्रॉइंगसारखं सरळ.

नांदणीहून आत्या आली. म्हणाली,
"मी महाराजांना विचारून आलो, भूपाल.
तू व्रत घे. आमच्या सासूनं घेतलेलं,
अख्खं गाव पाया पडाय आलतं."
अण्णांनी लिहिलं:
ज्याला गिळता येत न्हाई त्यानं सोडायचं काय?
आत्या चष्मा पुसून पुन्हा वाचत बसली.
मग हळूच म्हणाली, खरं आहे,
आणि व्रतात मरणाची इच्छाही धरायची नसते,
तो दोष लागतो.
खालच्या ओळीत:
मग ते माझं न्हवं. मला सुट्टी पायजे.

वकील शेंडुरे फाईल घेऊन आले, खुर्चीच्या टोकावर बसले.
नळी नको, मशीन नको, असं लिहून ठेवता येतं,
दोन साक्षीदार, नोटरी.
सुई मात्र मागता येत नाही.
अण्णा बराच वेळ त्यांच्या बुटांकडे बघत होते.
म्हणजे मेन लाईन तोडायची,
पण बटण दाबायचं न्हाई.
वकिलांना वाटलं, गमतीनं लिहिलंय.
चालू कामात वीज गेली
की टूल जॉबमध्ये रुततं, टोक तुटतं,
जॉबही जातो.
हे वकिलांना कुणी सांगितलेलं नसतं.

मी त्यांच्या बाजूची आहे असं समजू नका.
आमच्या गल्लीच्या तोंडाला अक्काताई राहते,
तिघा पोरांची नजर प्लॉटवर.
तिच्या उशाला असं बटण बसवलं
तर ते आधी कुणाच्या हाताला लागेल?
हे मी अण्णांना विचारलं, थोडं ओरडूनच.
दुपारभर कार्ड कोरं.
दिवेलागणीला लिहिलं:
दुसऱ्यानं दाबलं तर तो अपघात. रजिस्टरला घ्यायचा.
म्हणून तर डोळे मिटून शोधाय लावतो
ज्याचं त्याला.

मी म्हटलं, आणि मी? मी कुठं उभी राहू?
त्यावर काही लिहिलं नाही.
मायक्रोमीटर मागितला.
स्वतःच्या करंगळीला लावला,
आकडा मला दाखवला,
कालच्यापेक्षा कमी.
चूक काढलेल्या पोराकडे बघायचे
तसे बघितलं माझ्याकडे.

काल पहाटे तीनला जाग आली.
डोळे मिटलेले, डावा हात लांब.
कठड्यावरून भिंतीवर,
पोपडे, कॅलेंडरचा खिळा,
पुन्हा कठडा.
पाणी हवंय वाटलं म्हणून उठले,
आणि मध्येच थांबले.
बोटं इतक्या सवयीनं चालली होती,
घाई नव्हती कसली.

हात धरावा वाटला.
धरला असता तर शोधणं थांबलं असतं.

बाहेर गवळ्याच्या म्हशी निघाल्या, कॅन वाजले.
आत्या उठून देवाला बसली.
"चहा ठेव की गं," म्हणाली.
मी गॅसजवळ गेले
आणि तशीच उभी राहिले.