१४१३

भोसरी, गाळा नंबर नऊ.
तांबोळी सर सांगायचे, आधी हवेत धर.
काहीच नसताना शून्य दाखवत नसेल
तर पुढचं सगळं खोटं.

मग तीनदा विसळ. हलकेच झटक,
आत बुडबुडा अडकतो, दिसत नाही.
बाटलीवर १४१३, पंचवीस अंशाला.
पत्र्याखाली मे महिन्यात छत्तीस,
म्हणून बर्फाच्या पाण्यात ठेव, थांब,
तोवर आकड्यावर विश्वास नको.
आणि वापरलेलं द्रावण
परत बाटलीत ओतायचं नाही. कधीच.

काल एक प्रोब घरी नेला, न विचारता.
आई आलीय दर्यापूरहून, खारपाणपट्ट्यातून.
आठ दिवस एकच,
"तुह्या पुन्याचं पानी अयनी लागते."
नळाचा पेला भरला. एकशे चार.
तिनं पिशवीतून गावच्या हापशाची बाटली काढली,
प्रवासात उरलेलं चार बोटं पाणी
दुसऱ्या पेल्यात.
दोन हजार सहाशे दहा.

"पाह्य," म्हणाली, जिंकल्यासारखी.

तिची जीभ तिथं लावलेली, साठ वर्षांपूर्वी.
मी कुठलं बटण दाबणार?

प्रोब विसळला, तीनदा.
ते चार बोटं पाणी मात्र
परत बाटलीत ओतलं.