कीस

नकाशावर आमची दरी म्हणजे मसुराएवढा ठिपका.
प्रादेशिक कार्यालयातली बाई म्हणाली,
ठिपका जितका गडद, तितकं त्या भागाचं कसब एकवटलेलं.
आमचा अगदी काळाकुट्ट.
बावीस लेथचा मालक गास्तों पेर्नोले
शाबासकी मिळाल्यासारखा ताठ बसला.

मग तिनं रेषा दाखवल्या.
ग्रनोबल ते लियों, लियों ते तोरिनो,
दोन गावांनी मिळून काही शोधलं की एक रेष.
पडदाभर कोळिष्टक.
आमच्या ठिपक्याला एक धागाही नाही.

एक ना धड भाराभर चिंध्या म्हणतात,
आमचं उलटं.
एकच धड. चिंधी म्हणून नाही.
पणजोबा हिवाळ्यात गोठ्यावरच्या खोलीत
जिनिव्हाच्या घड्याळांची चाकं कातायचे,
फळ्यांच्या फटींतून गाईंची ऊब वर यायची,
बर्फ खिडकीच्या चौकटीपर्यंत.
घड्याळं गेली, स्क्रू राहिले.
मग डिझेल गाड्यांची नोझलं आली,
आता डिझेलही निघालंय,
दारात नीट निरोपसुद्धा न घेता.

यानिस एप्रिलमध्ये आला, अनसीच्या प्रयोगशाळेतून,
पातळ बूट घालून.
त्याच्याकडे मणक्यात बसवायचा टायटॅनियमचा स्क्रू.
संगणकात कधीच न मोडणारा,
आमच्या लेथवर दर चाळिसावा तडकणारा.
तीन आठवडे तो आकड्यांचा कीस काढत बसला,
मी धातूचा.

एका दुपारी म्हटलं, ऐक. आत्ता.
काय?
सातव्या आट्याला हत्यार कुरकुरतं.
जिना चढताना बाई गुडघ्यातून काढते, तसं.
त्याला नाही आलं ऐकू.
सदतीस वर्षांत माझा डावा कान गेला,
हे उजव्याचं म्हणणं होतं.

त्यानं मटाराएवढा मायक्रोफोन चिकटवला.
मी 'आत्ता' म्हणायचं, त्यानं कळ दाबायची.
दोन हजार वेळा आत्ता.
रात्री झोपेतही म्हणाले,
तर एमील दचकून उठला, विचारतो,
काय आत्ता?

तोरिनोहून एक बाई आली, डोनाटेला,
तिला फक्त तेल कळत होतं.
तिनं बोट बुडवलं, वास घेतला,
यंत्रात नळी दोन बोटं डावीकडे वळवली.
आमच्यापैकी कोणालाच दुसऱ्याचं काम येत नव्हतं,
म्हणून बहुतेक भांडण झालं नाही.
जेवताना मात्र झालं, चीजवरून.

आज पुन्हा तोच पडदा.
आमच्या ठिपक्यातून दोन रेषा निघाल्यात,
केसाएवढ्या, राखाडी.
सवयीनं डोळा मिचकावून माप घेतलं.

टाळ्या थांबल्यावर गास्तों उठला.
म्हणाला, ओदिलचा कान आता एका फाइलीत आहे.
ती फाइल उद्या दुसऱ्या दरीत चालली तर?
मग हा ठिपका कुणाचा?
बाईनं कागद चाळले.
यानिस बुटांकडे बघत राहिला, यंदा जाड होते.
कुणीतरी म्हणालं, कॉफी तयार आहे.

मी उत्तर शोधत उठले.
तळव्यात रुतलेला टायटॅनियमचा कीस
सभागृहाच्या गुळगुळीत फरशीवर
बारीक ओरखडा काढत आला,
खुर्चीपासून दारापर्यंत,
आणि दाराबाहेर कुठवर, ते मी वळून पाहिलं नाही.