कारण लिहा

रात्री पावणेतीनला ग्रिम्सबीच्या इस्पितळात
बाईंना आणलं तेव्हा हात थरथरत होते,
जीभ जड. शब्द आहेत की नुसताच आवाज
नर्सला कळेना, म्हणून मला वरून बोलावलं.
मी औषधं तपासणारी. भाषेची माणूस नव्हे.
पण मनगटावरचं नाव वाचलं, शुभदा कारखानीस,
आणि पाय जरा जागीच थबकले.

नवरा बाहेर, घाईत उलटा चढवलेला स्वेटर.
'गोळ्या? बीपीची एक. बाकी काही नाही हो.'
खिशातून पाकीट काढून दाखवलं,
उत्तर बरोबर आलेल्या मुलासारखं.

कार्ड कीबोर्डात खुपसलं. पडद्यावर पिवळी पट्टी:
रुग्णाने ही माहिती बंद ठेवली आहे.
तिच्याखाली एक रिकामा चौकोन:
उघडायची असेल तर कारण लिहा.

मिरजेला आईचं सगळं दुखणं एका पिशवीत असायचं,
कापडाच्या दुकानाची पिशवी, बंद तुटलेला.
एक्सरे, चिठ्ठ्या, रक्ताचे कागद.
दवाखान्याच्या बाकावर ती मांडीवर घेऊन बसायची.
शेजारची विचारायची, काय झालंय हो?
आई पिशवीचं तोंड मुठीत आवळायची.
तेवढंच तिचं धोरण.
एकदा ती पिशवी एसटीत राहिली.
तेव्हा नव्या डॉक्टरसमोर
आई कोऱ्या पाटीसारखी बसली होती,
आणि त्याने पहिल्या अक्षरापासून चुकायला सुरुवात केली.

कर्सर उघडझाप करत होता.
मी लिहिलं: शुद्ध नाही. जिवाला धोका. विचारता येत नाही.
तीन वाक्यं, तिन्ही खरी.
मग बटण दाबलं.

लिथियम.
अकरा वर्षं. तेही लिंकनच्या क्लिनिकमधून,
इतकं लांब की ओळखीचं कुणी भेटू नये.
इथल्या डॉक्टरला ते दिसू नये, अशी बाईंचीच सही.
आणि इथल्या डॉक्टरने, दिसलं नाही म्हणून,
सहा आठवड्यांपूर्वी दिलेली बीपीची गोळी,
जी लिथियमला अंगाबाहेर पडू देत नाही.
दोघा डॉक्टरांनी आपापलं काम चोख केलं होतं.
कुलपानेही.

सलाईन, रक्ताची तपासणी, गोळी बंद:
हवं ते मी दहा मिनिटांत सांगून टाकलं.
खाली अजून ओळी होत्या. एक साल. एका वॉर्डाचं नाव.
नजर गेलीच नाही असं म्हणणार नाही.
गेली. मग पडदा मिटवला.
पडदा मिटतो.

'काय सापडलं?' नवऱ्याने विचारलं.
'क्षारांचं प्रमाण बिघडलंय,' मी म्हणाले.
खोटं नव्हतं. लिथियम हा क्षारच.
पण इतकं मोजूनमापून खरं
मी आयुष्यात कधी बोलले नव्हते.

सकाळी गोपनीयता बघणाऱ्या ग्लेनिसचा मेल:
कोणी, केव्हा, कशासाठी.
मी कळवलं. दुपारी शेरा आला, समर्थनीय.
खालच्या ओळींबद्दल तिने काही विचारलं नाही.
त्यांच्यासाठी चौकोनच नव्हता.

मार्चमध्ये क्लीथॉर्प्सच्या चर्चहॉलमध्ये मंडळाचा पाडवा.
समुद्राचा वारा दाराशी धडका देत होता,
श्रीखंड कागदी वाट्यांत.
बाई सरळ माझ्यापाशी आल्या.
'मी यादी मागवली होती. माझं कोणी कोणी उघडलं त्याची.
तुमचं नाव आहे.'
'हो.'
'कारणही वाचलं. नेमकं लिहिता तुम्ही.'
वाटीतला चमचा त्यांनी दोनदा फिरवला.
'आणि वाचलंत किती?'

मी तोंड उघडलं, तेवढ्यात नवरा आला,
दोन्ही हातांत पाण्याचे पेले, स्वेटर आज सुलट.
'काय चाललंय दोघींचं?'

'क्षारांबद्दल विचारत होते,' बाई म्हणाल्या,
आणि माझ्याकडे बघून हसल्या,
की नुसते ओठ हलले,
त्याची कुठे नोंद नाही.