एका बाजूनं

बत्तीस वर्षं मी नाशिक रोडच्या छापखान्यात
नोटांचे कोरे करकरीत कागद उलटत होतो.
शाई सरकलेली, समास केसभर तिरका,
आकड्याचं शेपूट तुटलेलं,
डोळ्यांच्या आधी अंगठ्याला कळायचं.
लाल पेन्सिलीची एक फुली, की अख्खा कागद रद्दी.

तेव्हा टोस्टच्या बाबतीत मी जरा काटेकोर आहे
हे समजून घ्या.

आधी एक सांगतो, टोस्ट म्हणजे बरणीतला नव्हे.
तो वेलदोड्याचा, चहात बुडवायचा, वेगळा.
त्याच्याबद्दल तक्रार नाही, तो येतो तसा येतो.
मी म्हणतोय तो घरी भाजलेला.
पाव जेलरोडच्या बेकरीतला, आणि कालचा.
आजचा ताजा पाव लोण्याखाली मान टाकतो.
गॅसवर जाळी, आच मंद, दोन्ही बाजू सारख्या,
रंग नव्या सुतळीचा.
जळला तर सुरीनं खरवडायचा नाही,
खाडाखोड मला चालत नाही.
लोणी घरचं, कडेपासून थोडं आत.
समास हवाच.
वर मिरपूड. रविवारी साखर.

हेरंबनं आणलेला टोस्टर
क्रोशाच्या टोपीखाली बसून असतो.
एकदाच लावला. तुकडे टणकन वर आले,
कालिंदी केवढ्यानं दचकली,
आणि मलाही त्याची घाई आवडली नाही.

मग सुवार्ता आली, शरणपूरची, आमची सून.
पहिल्याच सकाळी जाळी हातात घेऊन
प्रत्येकाला विचारत सुटली, तुम्हाला कसा?
आमच्याकडे हे कुणी विचारत नसे.
आमच्याकडे टोस्ट व्हायचा.

मी सगळं सांगितलं, सुतळीसकट.
कालिंदी म्हणाली, "कसाही चालेल गं."
मी म्हणालो, "तिला कडेचे आवडतात,
पुड्यातला पहिला आणि शेवटचा."
सुवार्ता माझ्याकडे नाही,
तिच्याकडे बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, आई, तुम्हाला कसा?
"कसाही."
तिसऱ्या दिवशीही.

चौथ्या दिवशी खालचे निफाडकर
द्राक्षांचा क्रेट ठेवून गेले,
निर्यातीतून बाद झालेला माल,
मणी दोन मिलिमीटरनं कमी भरले म्हणून.
मी एक उजेडात धरून बघितला. दोष सापडेना.
सुवार्तानं मूठभर उभे चिरले,
खारं लोणी काढलं, आणि पुन्हा विचारलं.

कालिंदी ओट्याला टेकून उभी होती.
म्हणाली, "एका बाजूनंच भाज.
खालून कुरकुरीत, वरून पाव पावासारखा.
लोणी पार कडेपर्यंत, बोटाला लागलं पाहिजे.
ती द्राक्षं ठेव वर.
आणि कडेचा नको."

मी म्हणालो, "तुला तर आवडतो."
"कुणी सांगितलं?"
तिच्या आवाजात राग नव्हता.
दुधाचा हिशेब विचारावा तसं विचारलं.
"तुम्ही दोघं सोडायचात. टाकायचा कुठे?"

मग ती खाली बसून खाऊ लागली.
लोणी मनगटापर्यंत ओघळलं, तिनं ते चाटलं,
आणि एक द्राक्ष ताटलीत घरंगळलं,
तेही उचलून पुन्हा जागेवर ठेवलं.
चौतीस वर्षांत मी तिला
टोस्ट खाताना पाहिलंच नव्हतं.
माझ्या वेळी ती पुढचा भाजत असायची.

आता सकाळी जाळीपाशी मी असतो.
तिचा उलटायचा नाही, हे हाताला अजून पटत नाही,
चिमटा आपोआप पुढे जातो.
"राहू दे," ती पेपरामागून म्हणते. न बघता.

कडेचे दोन माझ्याकडे आलेत.
जाड असतात, एका अंगाला नुसती साल.
लोणी धरत नाहीत.
भाजायला बराच वेळ लागतो.