नामशेष

मे महिना. मोती महालाच्या दफ्तरखान्यात
पंख्याची पाती मोजता येतील इतकी सावकाश फिरत होती,
तेव्हा हॅरिएटबाई आल्या.
सत्तरी ओलांडलेली, पायांत कॅनव्हासचे बूट,
पिशवीत छत्री, दोन संत्री आणि एक वंशावळ.
ती उलगडता उलगडता माझं टेबल संपलं,
मग शाक्यजींचं संपलं.

"विदरकोटचे बॅरन," म्हणाल्या, आणि बोट पहिल्यावर ठेवलं.
ह्यानं राजाच्या आरमाराला शिडांचं कापड पुरवलं,
पैसे बुडाले, किताब मिळाला.
शाक्यजी खुदकन हसले. त्यांचा महागाई भत्ता दोन वर्षं थकलाय.
दुसऱ्यानं मोठं घर बांधलं. खिडक्यांवर कर होता,
म्हणून निम्म्या खिडक्या भिंतीवर रंगवून घेतल्या.
तिसऱ्याबद्दल बाई भरभर बोलल्या: घोडे, पत्ते, एक नटी.
चौथा इकडचा. मुरार छावणी, कावीळ, वय एकतीस.
बाप तिकडे वारून अकराच दिवस झाले होते,
पत्र अजून जहाजात होतं.

म्हणजे हा अकरा दिवस बॅरन होता
आणि त्याला ते कुणी सांगितलं नाही.
त्या अकरा दिवसांत त्यानं काय केलं असेल?
ताक मागितलं असेल. पंखेवाल्यावर ओरडला असेल.

पाचवा त्याचा भाऊ. त्याला तीन मुली.
"मग?"
"मग बंद," बाई म्हणाल्या, नळाबद्दल बोलावं तसं.
माणसं होती, रक्त होतं, त्या स्वतः समोर बसून
संत्रं सोलत होत्या,
फक्त नाव घ्यायला कुणी पात्र नव्हतं.

मी मनात शब्द शोधला. नामशेष.
आणि अडखळले. आपल्याकडे तो उलटा चालतो:
सगळं जातं, नाव तेवढं राहतं.

त्यांनी माझ्या टेबलावरची पाटी वाचून विचारलं,
अबदागिरे म्हणजे काय? हाही किताब का?
सांगितलं: सरकारस्वारी निघाली की
पालखीच्या उन्हाच्या बाजूनं अबदागीर धरून
चालायचं. दोन पागोटी सालाची, दीड बिघा जमीन.
बसायचं नाही. ऊन फिरलं की आपण फिरायचं.
धरणाऱ्याच्या डोक्यावर काय असायचं, हे कुठल्या सनदेत नाही.
मी पाहिलंय, सगळ्या सनदा माझ्याच ताब्यात आहेत.

आता लष्करात आमची चोपन्न घरं.
एक दातांचा डॉक्टर, एक भिंडच्या तुरुंगात,
पुतण्या बाड्यावर मोबाइलची कव्हरं विकतो.
थोरला-धाकटा असं काही नाही, सगळेच अबदागिरे,
विजेच्या बिलावरसुद्धा.
आम्हीही दोघी बहिणीच. लग्नानंतर मी नाव ठेवलं,
अभिमान वगैरे नाही,
सर्व्हिस बुक बदलायला सात सह्या लागतात.

जाताना बाईंनी नोंदवही भरली.
हुद्द्याच्या रकान्यात पेन जरा थांबलं,
मग लिहिलं: निवृत्त परिचारिका.

दुसऱ्या दिवशी टेम्पोनं मुरारला गेलो.
कबर सापडली, आडवी, गुळगुळीत.
पोरांनी तिच्यावर कोळशानं धावफलक लिहिला होता:
सदुसष्टवर चार.
खाली कप्तान, रेजिमेंट, एक बायबलची ओळ.
बॅरन नाही. पुरणाऱ्यांनाही पत्र मिळालं नव्हतं.

बाई गुडघे टेकून अक्षरं उतरवू लागल्या,
एका हातात वही, दुसऱ्यात पेन,
आणि अकराचं ऊन थेट मानेवर.
पिशवीतून छत्री काढली, ती मीच धरली.
पाचेक मिनिटांनी दंड भरून आला.
सूर्य सरकला तशी मीही एक पाऊल सरकले,
आणि ते सरकल्यावर लक्षात आलं.

शाक्यजींना हे सांगितलेलं नाही.

पोरं बॅटवर रेलून उभी होती.
"आंटी, और कितनी देर?"