इतर (नमूद करा)

रद्दीवाला किलोला चौदा म्हणाला,
आणि मी एकतीस वर्षं काट्यावर ठेवायला काढली.
सेनापती बापट रस्त्यावरची ही खोली
सोमवारी एका तरुण मुलाला मिळणार आहे.
त्याला म्हणे कागद लागतच नाहीत.

वरच्याच गठ्ठ्यात माझा नावाजलेला अभ्यास:
क्षयाच्या गोळ्या लोक का चुकवतात.
दांडेकर पुलाजवळची वस्ती, सहाशे बारा रुग्ण.
अर्ध्यांना रोज सकाळी एक मिस्ड कॉल,
अर्ध्यांना नाही.
ज्यांचा फोन वाजला त्यांनी कमी चुकवल्या,
शंभरात अकराजणांचा फरक.
अकरा!
केळुसकर सरांनी त्या दिवशी स्वतःच्या पैशांनी वडे मागवले,
जे त्यांनी आधी कधी केलं नव्हतं, नंतरही नाही.
मंत्रालयातून फोन आला.
त्या अकरांवर मी जिनीव्हा पाहिलं, प्रोफेसर झाले,
कोथरूडच्या फ्लॅटचे हप्ते फेडले.

प्रश्न सतरावा: गोळी का चुकली?
एक, विसरले. दोन, बरं वाटलं म्हणून. तीन, त्रास झाला म्हणून.
चार, इतर (नमूद करा).
आणि पुढे एक रेघ,
पेनाच्या टोपणाएवढी.

मेहरुन तांबोळी माझी सर्वेक्षक. मुंगीचं अक्षर.
आधी त्या रेघेवर, मग समासात,
मग फॉर्म उलटा करून पाठीमागे:
'पहाटे चारला कचरा वेचायला डेक्कनला जाते.
परत येते तोवर दवाखान्याची खिडकी बंद.'
'उपाशीपोटी गोळी मळमळते. पोट कधी भरायचं ते सांगा म्हणते.'
'फोन नवऱ्याकडे असतो. नवरा कुठे असतो ते माहीत नाही.'
'मला म्हणाली, बस, चहा घे, तूपण खोकतेस.'

मी काय केलं ते आता सांगते,
अडायला बढती उरलेली नाही.
लाल पेनानं चारवर काट मारून
शेजारी एक लिहीत गेले.
विसरले. विसरले. विसरले.
मिस्ड कॉल विसराळूंसाठीच होता ना.
मेहरुनला बोलावून म्हटलं, कथा नकोत, कोड हवेत.
ती 'हो मॅडम' म्हणाली.
पुढच्या आठवड्यापासून तिचं अक्षर मोठं झालं.
नुसते आकडे.

आज फरशीवर बसकण मारून मोजलं:
लाल एकाखाली निळे चार, एकशे त्र्याहत्तर.
चारशे आठ नंबरचा फॉर्म, हौसाबाई आवळे,
वय अंदाजे पस्तीस:
'खिडकी एक वाजेस्तोवर उघडी ठेवा,
मग बघा कोण चुकवतंय.'
यावर निबंध होत नाही.
याला एक कंपाउंडर लागतो, आणि कुलपाची किल्ली
दोन तास उशिरा फिरवणारा हात.

ते अकरा खोटे नव्हते, हेही लिहून ठेवा.
त्यांतलं कुणी आज सिंहगड रस्त्यावर
रिक्षा चालवत असेल, नातवाला शाळेत सोडत असेल,
मी कधीतरी त्याच्याशी सुट्ट्या पैशांवरून भांडलेही असेन.
पण हौसाबाईंचं पुढे काय झालं
ते सतराव्या प्रश्नानंतर कुणी विचारलं नाही.

दुपारी तो मुलगा खोलीचं माप घ्यायला आला.
टॅबलेटवर नवा फॉर्म दाखवला, छान आहे, रंगीत.
मी विचारलं, 'इतर'ला जागा किती?
'चाळीस अक्षरं, मॅम. पुरतात.'

रद्दीतून मी एकशे त्र्याहत्तर बाजूला काढले.
पावणेदोन किलो भरले.
रद्दीवाल्यानं साडेचोवीस रुपये वजा केले
आणि माझ्याकडे असं पाहिलं
जसं मी आयुष्यभर इतरांकडे पाहत आले.

मेहरुनचा नंबर जुन्या डायरीत सापडला.
लावला. वाजला. वाजत राहिला.
कुणी घेतला नाही.
परत का नाही लावला, विचाराल तर
एक नाही,
दोन नाही,
तीनही नाही.