पाण्याची रात्र

वडगावात आमच्या गल्लीला पाणी
आठव्या रात्री येतं, कधी अडीचला, कधी तीनला.
मधल्या सात रात्री भरमा
भिंतीकडं तोंड करून निजतो
आणि भिंतीवर एक निळसर उजेड हलत राहतो,
तळहाताएवढा.

आवाज बंद असतो.
मी शेजारच्या मागाची खटखट मोजते.
मग तीही थांबते.

तो अंघोळीला गेला तेव्हा एकदा पाहिलं.
बायका होत्या. कुणालाच नाव नव्हतं.
त्यांच्यातली एकही त्याला विचारत नव्हती,
"काय झालंय? माझं काही चुकलं काय?"

मी विचारते. तो कारखान्यात असला की फोनवर,
जेवताना, ताट उचलताना.
जितकं विचारते
तितकी त्याची पाठ रुंद होत जाते.

निपाणीत आई पहाटे तंबाखूच्या वखारीला जायची.
मी पदर मुठीत धरून झोपायचे.
जाग यायची तेव्हा मुठीत जुनं लुगडं,
तिचा वास असलेलं, ती नसलेलं.
अजून झोपेत माझी मूठ वळते.

त्याला सातव्या वर्षी संकेश्वरला मामाकडं ठेवलेलं.
हे त्यानं नाही, मामीनं सांगितलं, कौतुकानं:
"लई शहाणं पोरगं. भूक लागली म्हणून
कधी तोंड उघडलं न्हाई."

काल नळ फुसफुसला. दोघं उठलो.
घागरी, पिंप, कुकरसुद्धा.
तो पाइप धरतो, मी भांडी सरकवते,
अंधारात कुणाचाच हात चुकत नाही.
सहा वर्षांत एवढं एक आम्हाला
न बोलता जमलंय.

पिंपाकडं बघत तो म्हणाला,
"तू बघितलंस न्हवं, परवा?"
"व्हय."
पाणी काठावरून उतरायला लागलं.
"तिथं कोण काय विचारत न्हाई. कोण नापास करत न्हाई."
बऱ्याच वेळानं,
"पण मागनं लई गार पडतंय, बघ."

माझ्या जिभेवर तेच आलं, माझं काही
गिळलं.
ओल्या हातानं मागून त्याचा शर्ट धरला,
चिमटीत मावेल तेवढाच.
त्यानं सोडवून घेतला नाही.
वळलाही नाही.

समोरून गंगव्वा कन्नडातून ओरडली,
पाणी रस्त्यावर चाललंय म्हणून.
"बंद करतो की," मी म्हणाले.
आमच्याकडं बायकाही करतोच म्हणतात,
एकटीनं म्हटलं तरी
दोघांनी म्हटल्यासारखं ऐकू जातं.

नळ अजून चालूच होता.